अर्ध्या तिकिटाचा उरलेला अर्धा

लहानपणी आमची उंची हा आमच्या घरातला एक आर्थिक प्रश्न होता. बारा वर्षे पुरी होईपर्यंत बसमध्ये अर्धे तिकीट लागे, आणि आम्ही तर दहाव्या वर्षीच चौदा वर्षांचे दिसू लागलो होतो. आजोळी जाताना आई आम्हांला खिडकीपाशी बसवी आणि कंडक्टर जवळ आला की हलकेच सांगे, "जरा वाकून बस." आम्ही वाकत असू. कंडक्टर एकदा आमच्याकडे पाही, एकदा आईकडे पाही आणि अर्धे तिकीट फाडून देई. त्यात खोटे काहीच नव्हते. वय खरोखरच दहा होते. तरीही उतरेपर्यंत आपण कोणाचे तरी काही घेतले आहे, असे मनाला वाटत राही.

त्या वयात एक प्रश्न मात्र आम्हांला कधी सुचला नाही. आम्ही भाडे अर्धे दिले, पण जागा तर पुरी अडवली. मग उरलेले अर्धे कोणी दिले? हा प्रश्न सुचण्यासाठी आम्हांला शिक्षक व्हावे लागले. तोही पुस्तकात सापडला नाही. एका पावसाळी सकाळी बसच्या थांब्यावर सापडला.

या गोष्टीला आता चार वर्षे झाली. प्रथम सत्राची परीक्षा चालू होती आणि पावसाने अजून पाठ सोडली नव्हती. आम्ही नेहमीप्रमाणे सकाळच्या खाजगी बसने शाळेला निघालो होतो. आमच्या शाळेचा बालरथ सर्वच वाड्यांना पोहोचत नाही. म्हणून पुष्कळ मुले याच बसने येतात. त्या मार्गावर शाळकरी मुलांकडून कमी भाडे घेण्याची रीत होती. कंडक्टरच्या दृष्टीने मुले म्हणजे अडचणच. दप्तरासकट जागा मोठ्या माणसाएवढी आणि पैसे निम्मे!

एका थांब्यावर सात-आठ मुले छत्र्या घेऊन उभी होती. बस थांबली ती थोडी पुढे जाऊन. दोन मोठी माणसे चढली. मुले धावत आली, तोच कंडक्टरने दारात हात आडवा धरला आणि म्हणाला, "फाटल्यान आनीक एक बस येता." मग आमच्याकडे वळून अदबीने म्हणाला, "सर, तुमी भितर सरात." आम्ही आत सरलो. शिटी वाजली आणि बस निघाली. मागच्या काचेतून आम्हांला त्या छत्र्या दिसल्या. त्यांतील एकीखाली आमच्या नववीच्या वर्गातली एक मुलगी होती.

त्या दिवशी सामाजिक शास्त्राचा पेपर होता. मागची बस उशिरा आली. ती मुलगी वर्गात शिरली तेव्हा पेपर सुरू होऊन चाळीस मिनिटे झाली होती, आणि तिच्या वेणीतून पाणी ठिबकत होते. आम्हीच पर्यवेक्षक होतो. तिला उत्तरपत्रिका देताना आम्ही उगाच विचारले, "उशीर का झाला?" तिने वर पाहिले आणि अगदी साधेपणाने म्हटले, "सर, तुम्ही त्याच बसमध्ये होता ना?"

तिच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर आम्हांला बरे वाटले असते. त्या प्रश्नपत्रिकेत नागरिकांच्या हक्कांवर एक प्रश्न होता आणि तो आम्हीच काढलेला होता.

त्या संध्याकाळपासून आम्ही आयुष्यात प्रथमच मोटार वाहन कायदा वाचू लागलो. तो १९८८ सालचा असून १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यापूर्वी १९३९ चा कायदा होता. आरंभी वाटले, हे आपले क्षेत्र नव्हे. परंतु आपण रोज सकाळी ज्या वस्तूत बसून जातो, तिची जन्मपत्रिकाच आपण हातात घेतली आहे, असे थोड्याच पानांनंतर वाटू लागले.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांना वाटत असेल की बसचे भाडे बसमालक ठरवतो. तसे नाही. या कायद्याच्या ६७ व्या कलमाने भाड्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे. सरकार राजपत्रात दर प्रसिद्ध करते आणि परिवहन प्राधिकरण त्याची अंमलबजावणी करते. पहिल्या टप्प्याचे किमान भाडे आणि पुढच्या अंतराचा दर, अशी त्याची सामान्यतः मांडणी असते. महाराष्ट्रात एसटीचा टप्पा सहा किलोमीटरांचा धरतात. तेथील एसटीलाही मनाला येईल तेव्हा भाडे वाढवता येत नाही. तिची २५ जानेवारी २०२५ पासूनची १४.९५ टक्के वाढही राज्याच्या परिवहन प्राधिकरणाच्या मान्यतेनेच झाली.

मार्गाचेही तसेच आहे. आज या रस्त्याने, उद्या त्या रस्त्याने, असे बसला फिरता येत नाही. परवान्यासाठी अर्ज करतानाच मालकाला मार्ग, गाडीतील आसने, दिवसाच्या फेऱ्या आणि वेळापत्रक लिहून द्यावे लागते. परवाना मिळतो तो पाच वर्षांसाठी, आणि त्याला अटी जोडता येतात. भाड्याचा तक्ता व वेळापत्रक गाडीत लावावे, प्रवाशाला तिकीट द्यावे आणि त्यावर प्रत्यक्ष घेतलेले भाडे असावे, या त्या अटींपैकी आहेत. पैसे घेऊन तिकीट न देणाऱ्या कंडक्टरला दंड आहे. विनातिकीट प्रवाशाला तर आहेच. आम्ही दहा वर्षे त्या बसने प्रवास करत होतो. भाड्याचा तक्ता आम्ही कधी पाहिला नव्हता, आणि तिकीट मागितल्याचे तर आठवतही नव्हते.

एवढे वाचूनही आमचा मूळ प्रश्न सुटला नाही. तेव्हा आम्ही फळ्यावर एक गणित मांडले. ते खऱ्या आकड्यांचे नव्हे, केवळ समजुतीसाठी. समजा, एक बस एक किलोमीटर चालवण्यास डिझेल, टायर, दुरुस्ती, पगार, विमा आणि कर धरून चाळीस रुपये खर्च येतो. बसमध्ये चाळीस माणसे बसली आणि प्रत्येकाने किलोमीटरला एक रुपया दिला, तर हिशेब जुळतो. आता त्यांतील वीस विद्यार्थी आहेत आणि ते आठ आणेच देतात. जमा झाले तीस रुपये. किलोमीटरमागे दहा रुपये तुटले. पंधरा किलोमीटरांच्या एका फेरीत दीडशे.

वर्गाला आम्ही विचारले, "हे दीडशे कोण देणार?"

एक मुलगा म्हणाला, "सरकार." दुसरा म्हणाला, "बाकीच्यांचे तिकीट वाढवावे." त्याचा हिशेब आम्ही तिथेच केला. पुरे भाडे दीड रुपया करावे लागेल. म्हणजे बाजाराला भाजी घेऊन निघालेली म्हातारी विद्यार्थ्यांच्या पासाचे पैसे भरणार. यावर वर्ग जरा गप्प झाला. मग तिसरा म्हणाला, "मालकाने सोसावे." तेव्हा मागच्या बाकावरून ती मुलगी बोलली, "मालक सोसत नाही, सर. तो आम्हांला थांब्यावर सोडतो."

भाडेनियमनावर याहून चांगले वाक्य आम्ही आजवर ऐकलेले नाही. भाडे ठरवणे म्हणजे खर्चातला कोणाचा वाटा किती हे ठरवणे होय. सवलत दिली म्हणजे खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या खांद्यावर जातो. तो कोणत्या खांद्यावर जावा हे कागदावर स्पष्ट लिहिलेले असले, तर सर्वांना ते दिसते आणि त्यावर भांडताही येते. ते लिहिलेले नसले, तर निर्णय बसच्या दारात होतो, आणि तेथे जो सर्वांत लहान, तो हरतो.

गोव्याच्या विद्यार्थ्यांना हे फार पूर्वी उमगले होते. १९७८-७९ च्या सुमारास बसभाड्यात निम्मी सवलत मिळावी म्हणून त्यांनी मोठे आंदोलन केले. त्या वेळी गोवा हा दमण व दीव यांच्यासह केंद्रशासित प्रदेश होता आणि बसवाहतूक खाजगी मालकांच्या हाती होती. पुढे १९८० मध्ये कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले. आज तुमच्या खिशात जो सवलतीचा पास आहे, त्याच्यामागे तुमच्याच वयाच्या मुलांचे पाय रस्त्यावर झिजले आहेत. तो पास हरवताना एवढे लक्षात असावे!

महामंडळ आणि खाजगी मालक यांच्यातला भेद येथेच आहे. मालकाचे पोट त्या दिवसाच्या गल्ल्यावर असते. म्हणून तो हमरस्त्यावर धावतो. १९८८ च्या कायद्याने परवाने सामान्यतः नाकारू नयेत असे धोरण ठेवले, तेव्हा एकाच हमरस्त्यावर चार बसेसची शर्यत आणि आतल्या वाडीला एकही नाही, असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसू लागले. सार्वजनिक महामंडळाला मात्र तोट्याची फेरीही चालवावी लागते, आणि तो तोटा शेवटी तिजोरीतून भरून निघावा लागतो. 'गाव तिथे एसटी' या घोषवाक्याचा हिशेबी अर्थ हाच आहे. गोव्यात २०२३ मध्ये आलेल्या 'म्हजी बस' योजनेत तर खाजगी गाड्या कदंबकडे लावून मालकाला किलोमीटरच्या हिशेबाने पैसे देण्याची कल्पना आहे. तशा गाडीत थांब्यावरचे मूल मालकाच्या खिशातून काहीच काढत नाही. मग त्याला चढू न देण्याचे कारणही उरत नाही. स्वभाव सुधारण्यापेक्षा हिशेब सुधारणे कधीकधी अधिक सोपे असते.

वाट्याचा हाच प्रश्न पुढच्या वर्षी आम्हांला अगदी निराळ्या जागी भेटला. शाळेची सहल चोर्ला घाटाने बेळगावला आणि तेथून कोल्हापूरला निघाली होती. हत्तरगीच्या टोलनाक्यावर आमची बस रांगेत उभी राहिली आणि बाजूने एक मोटारसायकल न थांबता निघून गेली. लगेच प्रश्न आला, "सर, त्याला का सोडले?"

राष्ट्रीय महामार्गांच्या टोलचे नियम २००८ सालचे आहेत. दुचाकीला त्यांत टोल नाही. चार पदरी रस्त्यासाठी २००७-०८ या वर्षाचा मूळ दर मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे आणि बसला २ रुपये २० पैसे असा धरला आहे. त्यावर दर वर्षी ३ टक्के वाढ होते, आणि घाऊक किमतींच्या निर्देशांकात जी वाढ होईल तिच्या ४० टक्क्यांएवढी भर पडते. नाक्याच्या २० किलोमीटरांच्या आत राहणाऱ्याला आपल्या खाजगी मोटारीसाठी सवलतीचा मासिक पास मिळतो. पूर्वी नाक्यावर सुट्या पैशांवरून भांडणे होत. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर पैसे खात्यातून परस्पर जातात आणि पावती फोनवर येते.

मुले सहलीत होती. तरी आम्हांला गणिताचा मोह आवरला नाही. बसला २ रुपये २० पैसे आणि बसमध्ये आम्ही चव्वेचाळीस जण. म्हणजे माणशी पाच पैसे! पलीकडच्या रांगेत एका मोठ्या मोटारीत एकच गृहस्थ बसले होते. त्यांचे ६५ पैसे. मुलांनी त्या गृहस्थांकडे इतक्या सहानुभूतीने पाहिले की त्यांनी काच वर घेतली. परंतु एका मुलाने विचारले, "आपला टोल कोणी भरला?" हा प्रश्न ऐकून आम्हांला मनापासून आनंद झाला. तो टोल सहलीच्या वर्गणीतच होता, म्हणजे त्यांच्या आईवडिलांनी भरला होता. एरवीच्या बसमध्येही असेच असते. टोल प्रवाशाला दिसत नाही. तो भाड्याच्या पोटात बसलेला असतो.

पणजी आणि बेती यांच्यामध्ये मांडवीवर जी फेरीबोट चालते, तीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. आमच्या मुलांना ती फुकट वाटते. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा दोन्ही तीरांना पुन्हा याच फेरीबोटींचा आधार घ्यावा लागला. ती फुकट नाही. तिचे तिकीट कधीही फेरीबोटीत न बसणाऱ्या माणसांनीही करांतून काढलेले असते. नदी आड आली म्हणून गरिबाची वाट अडू नये, एवढे त्यांनी एकमेकांसाठी मान्य केले आहे.

आता त्या थांब्याकडे परत येतो. हे सर्व वाचून झाल्यावर आम्ही मोठ्या तावातावाने एक अर्ज लिहिला आणि तो घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. तेथील कारकुनाने तो शांतपणे वाचला आणि विचारले, "सर, बसचा क्रमांक? तारीख? वेळ? आणि तुमचे तिकीट?"

आमच्याकडे यांतले काही नव्हते. दहा वर्षांच्या प्रवासाचा आमच्यापाशी एक कपटाही नव्हता. तिकीट न घेतल्याने आपण चार पैशांची माया दाखवतो किंवा कंडक्टरचा त्रास वाचवतो, असे आम्हांला वाटे. प्रत्यक्षात आपण त्या बसमध्ये होतो, याची नोंदच आपण पुसून टाकत होतो. ज्यांची नोंद नाही अशा प्रवाशांसाठी जादा फेरी कोण आणि कशाच्या आधारे मागणार?

दुसऱ्या दिवशी ही हकिकत आम्ही वर्गात सांगितली. आमची फजिती सांगणे आवश्यक होते. मुलांनी एक चौपानी वही केली. थांब्यावर रोज पहिल्यांदा येईल त्याने लिहायचे: बस किती वाजता आली, तिचा क्रमांक काय, किती मुले चढली, किती राहिली. कोणाविषयी वाईट शब्द लिहायचा नाही, एवढा एकच नियम आम्ही घातला. वही पावसात भिजली, एकदा बसमध्येच राहिली, आणि त्याच कंडक्टरने ती दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. त्याने ती वाचली असावी. त्या आठवड्यात बस थांब्यावरच थांबली.

महिनाभराने ती वही अर्जाला जोडून आम्ही पुन्हा गेलो. या वेळी कारकुनाने आम्हांला बसायला खुर्ची दिली. पुढच्या जूनमध्ये त्या मार्गावर सकाळची एक जादा फेरी सुरू झाली. ती आमच्याच अर्जामुळे सुरू झाली, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. इतरांनीही अर्ज केले असतील. ती कधी उशिरा येते, आणि एखादे दिवशी येतच नाही. तरीही थांब्यावर राहणाऱ्या छत्र्या पुष्कळ कमी झाल्या आहेत.

ती मुलगी दहावी उत्तीर्ण होऊन केव्हाच पुढे गेली. त्या दिवशीच्या पेपरात तिचा शेवटचा प्रश्न सोडवायचा राहिला होता. हक्कांवरचा प्रश्न मात्र तिने लिहिला होता, आणि त्याला आम्ही जितके गुण देता येतील तितके दिले. गुण देऊन शिक्षकाला आपले ऋण फेडता येत नाही, हे आम्ही जाणून आहोत. त्या सकाळी दारात पाय रोवून "मुलांना घ्या, मगच शिटी वाजवा" एवढे पाच शब्द म्हणायचे होते. कायदा तेव्हाही हाच होता. आम्हांला तो ठाऊक नव्हता म्हणून आम्ही गप्प राहिलो, असे म्हणणे सोयीचे आहे. खरे असे की आम्हांला बसायला जागा मिळाली होती.

आम्ही आजही त्याच खाजगी बसने येतो. मुले चढेपर्यंत आम्ही दारातून आत सरत नाही. मग पुरे भाडे देतो आणि हात तसाच पुढे ठेवतो. कंडक्टर हसतो आणि म्हणतो, "सर, तुमकां तिकीट जाय न्हय?" आणि देतो. आता शेजारचे दोघे-तिघेही मागू लागले आहेत. घरी आल्यावर ती तिकिटे आम्ही मेजाच्या खणात टाकतो. खण भरत आला आहे. आई परवा तो उघडून म्हणाली, "एवढ्या तिकिटांचे काय करणार आहेस?"

आम्ही काही बोललो नाही. तिच्याशेजारी वाकून बसायची सवय मात्र आता पार मोडली आहे.